मधली चतुर्थी कुठे गेली?

"मावशी, तुमच्या कॅलेंडरात चूक आहे," भाची म्हणाली. तिचं बोट भिंतीवरच्या चौकटीवर होतं. "काल तृतीया, आज पंचमी. चतुर्थी छापायचीच राहिली."

माझी आई मटार सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "क्षय असेल गं तिथीचा."

आईच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झालं होतं. भाचीच्या दृष्टीने ते सुरूच झालं नव्हतं. "क्षय म्हणजे? तिथी संपते कशी? मधला वार तर कुठे गेला नाही!" प्रश्न अगदी बरोबर होता. आपण लहानपणापासून शुद्ध-वद्य, क्षय-वृद्धी, उजाडती तिथी हे शब्द ऐकतो आणि वापरतो, पण त्यामागचं साधं गणित आपल्याला कुणी बसून सांगत नाही. ते अवघड असतं तर गोष्ट वेगळी, पण ते शाळकरी मुलांनाही कळण्यासारखं आहे.

सगळ्या गोंधळाचं मूळ एकच. आपण तिथीला दिवस समजतो, पण तिथी म्हणजे अंतर. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये किती अंतर पडलंय, त्याचं ते माप आहे.

हे मी भाचीला देवळातली प्रदक्षिणा सांगून समजावलं. गाभाऱ्यात आपण, म्हणजे पृथ्वी. बाहेर आजी सावकाश प्रदक्षिणा घालतेय, तो सूर्य. नातू तिच्याभोवती न रेंगाळता पळत सुटलाय, तो चंद्र. दोघंही एकाच दिशेनं चाललेत. (प्रत्यक्षात पृथ्वीच सूर्याभोवती फिरते, पण आपल्याला इथून जे दिसतं ते असंच.) आजी दिवसाला साधारण १ अंश सरकते, नातू सरासरी १३ अंश. म्हणजे दोघांमधलं अंतर रोज साधारण १२ अंशांनी वाढतं. नातू आजीला गाठतो आणि दोघं एका रेषेत येतात, ती अमावस्या. "अमा" म्हणजे एकत्र, "वस" म्हणजे राहणं. नावातच सगळं सांगितलंय. नातू पुढे निघाला, आजीपासून १२ अंश दूर गेला की प्रतिपदा संपली. २४ अंशांवर द्वितीया संपली. १८० अंशांवर, देवाच्या बरोबर पलीकडच्या अंगाला तो पोचला की पौर्णिमा संपली. तिथून पुढे तो पुन्हा आजीच्या दिशेनं यायला लागतो आणि ३६० अंश पुरे होताना तिला गाठतो. असे १२-१२ अंशांचे ३० तुकडे, त्या ३० तिथी. पहिले १५ शुद्ध पक्षाचे, पुढचे १५ वद्य पक्षाचे.

जुन्या कागदांत "शु॥" आणि "व॥" असं लिहिलेलं दिसतं. शुक्ल दिवस ते शुदि, बहुल दिवस ते वदि, आणि त्यावरून आपलं शुद्ध आणि वद्य. गुजरातीत सुद आणि वद म्हणतात. पंचांगात पौर्णिमेपुढे १५ आणि अमावस्येपुढे ३० आकडा असतो तो याच मोजणीमुळे.

आता भाचीच्या चतुर्थीकडे येऊ. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं लागतात. त्यात ३० तिथी बसवायच्या, म्हणजे एका तिथीला सरासरी २३ तास ३७ मिनिटं. दिवस २४ तासांचा, तिथी त्याहून थोडी आखूड, आणि ती सूर्योदयालाच सुरू होईल असा काही नियम नाही. ती दुपारी तीनला सुरू होते, पहाटे चारला होते, कधीही होते. मग आजचा दिवस कोणत्या तिथीचा म्हणायचा? त्यासाठी आपल्या लोकांनी एक सोय लावली: सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची.

एवढं कळलं की क्षयाचं गूढ राहत नाही. समजा, सकाळी साडेसहाला सूर्य उगवला तेव्हा तृतीया चालू होती आणि पावणेसातला संपली. चतुर्थी सुरू झाली. ती दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच संपली. साडेसहाला सूर्य उगवला तेव्हा पंचमी लागून दीड तास झाला होता. चतुर्थी सव्वाबावीस तास व्यवस्थित होती, तिच्यात फक्त सूर्योदय झाला नाही, म्हणून तिच्या नावानं कोणताही दिवस लागला नाही. तिला क्षयतिथी म्हणतात. उलट एखादी लांब तिथी सूर्योदयाच्या थोडी आधी सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयानंतर संपली, तर दोन दिवसांना एकच नाव मिळतं. ती वृद्धितिथी. चांद्रवर्षात तिथी ३६० आणि दिवस मात्र ३५४, त्यामुळे वर्षभराचा हिशोब केला तर क्षय हे वृद्धींपेक्षा जास्त असणारच.

तिथी लांब-आखूड का होते? कारण नातू एका वेगानं पळत नाही. चंद्राची कक्षा लंबगोल आहे. तो पृथ्वीच्या जवळ आला की दिवसाला १५ अंशांपर्यंत पळतो, लांब गेला की १२ अंशांच्या आत येतो. जवळ असताना १२ अंशांचं अंतर वीस-एकवीस तासांत तोडलं जातं, लांब असताना सव्वीस तासांच्या वर लागतात.

२०२४ सालची दोन उदाहरणं मला यासाठी फार आवडतात. त्या वर्षी ज्येष्ठ वद्य पक्ष, २३ जून ते ५ जुलै, अवघ्या १३ दिवसांचा होता. पक्षाच्या साधारण मध्यावर चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, तिथी भराभर उरकत गेल्या आणि एकाच पंधरवड्यात दोन क्षय पडले. तेरा दिवसांचा पक्ष दुर्मीळ असतो. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धाच्या आधी व्यास धृतराष्ट्राला अपशकुन सांगतात, त्यात हाही आहे: चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या दिवशी आलेली अमावस्या मला ठाऊक आहे, तेराव्या दिवशी आलेली ठाऊक नाही. मला त्या श्लोकातला अपशकुन महत्त्वाचा वाटत नाही. कुणीतरी पिढ्यानपिढ्या पक्षाचे दिवस मोजत होतं आणि चौदा, पंधरा, सोळा ही नेहमीची मर्यादा त्यांना माहीत होती, हे महत्त्वाचं वाटतं.

दुसरं उदाहरण त्याच वर्षीच्या दिवाळीचं. आश्विन अमावस्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपली. म्हणजे २६ तास २४ मिनिटांची तिथी! चंद्र तेव्हा लांबच्या टोकाजवळ होता. पंचांगाच्या भाषेत हे ६६ घटी झाले (एक घटी २४ मिनिटांची, ६० घटींचा दिवस). आता जुने पंचांगकर्ते सांगत "बाणवृद्धी रसक्षय". बाण म्हणजे ५, रस म्हणजे ६. तिथी साठ घटींपेक्षा फार तर ५ घटी वाढेल, ६ घटी घटेल. ही ६६ घटींची अमावस्या त्या सूत्रात बसतच नाही, पण आकाशात ती तेवढीच होती. असाच मेळ बसत नाही हे ओळखून गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक वेधांवर आधारलेलं गणित वापरलं आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं. पुढे लोकमान्य टिळकांनीही याच दुरुस्तीसाठी आपली शक्ती खर्च केली. ग्रंथात लिहिलेलं आणि डोळ्यांना दिसणारं जुळत नसेल तर गणित दुरुस्त करायचं, हे आपल्या पंचांगकर्त्यांनी करून दाखवलं, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

त्या दिवाळीला घरोघरी वाद झाला तो वेगळाच: लक्ष्मीपूजन ३१ ला की १ ला? सूर्योदयाचा नियम दिवसाला नाव देण्यापुरता. सण ठरतो तो त्या सणाच्या वेळेवर. रामनवमी आणि गणेशचतुर्थीला मध्यान्ही तिथी हवी, दसऱ्याला आणि श्राद्धाला अपराह्णी (दुपार कलताना), महाशिवरात्रीला मध्यरात्री, संकष्टीला चंद्रोदयी. म्हणूनच २०२४ ची कोजागरी १६ ऑक्टोबरला झाली, जरी सूर्योदयाची पौर्णिमा १७ तारखेची होती. दूध आटवायचं ते रात्री, आणि रात्रीची पौर्णिमा १६ लाच होती. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ हवा, म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ. ३१ ला अख्खा प्रदोष अमावस्येत होता. १ तारखेला मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळला आणि अमावस्या सव्वासहापर्यंत होती, म्हणजे जेमतेम स्पर्श. पण दोन्ही दिवशी स्पर्श असेल तर दुसरा दिवस घ्यावा, या वचनावर महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. उत्तरेत पुष्कळांनी ३१ ला दिवाळी केली.

त्याच वेळी न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना इथल्या कॅलेंडरचा फोटो पाठवून उपयोग नव्हता. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते आणि संपते. भारतात संध्याकाळचे ६.१६ म्हणजे तिकडे १ नोव्हेंबरच्या सकाळचे ८.४६. संध्याकाळ व्हायच्या कितीतरी आधी अमावस्या संपून गेली होती. त्यामुळे तिकडचं लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच, त्यात वादच नाही. परदेशी मुलाबाळांना सणाच्या तारखा कळवणाऱ्या प्रत्येक आजीनं हे लक्षात ठेवावं.

एकादशीच्या दोन तारखांचं कोडंही असंच सुटतं. सूर्योदयाच्या आधीच्या चार घटी, म्हणजे अरुणोदय, त्यात दशमी उरली असेल तर भागवत संप्रदायाचे लोक त्या दिवशी उपास न करता दुसऱ्या दिवशी करतात. म्हणून स्मार्त, म्हणजे बाकीच्यांची, एकादशी आज आणि भागवत एकादशी उद्या.

आता पंचांग मिटून वर बघू. पक्ष हा मुळात डोळ्यांनी बघायचा आहे, आणि एकदा तिथी म्हणजे अंतर हे पक्कं झालं की चंद्र कधी उगवेल हे आपोआप कळतं. शुद्ध द्वितीयेला तो सूर्यापासून जरासाच दूर असतो आणि त्याच्यामागून मावळतो, म्हणून सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर थोडा वेळ दिसते. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीया, म्हणून भाऊ लांब असला तर बहीण त्या कोरीला ओवाळते. तुकाराम बीज मात्र फाल्गुन वद्य द्वितीया, तेव्हा चंद्र जवळजवळ पूर्ण असतो. नाव दोन्हीकडे बीजच, पक्ष उलटा, आणि आकाश पार वेगळं. शुद्ध अष्टमीला अंतर ९० अंशांच्या आसपास, म्हणून संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर आणि मध्यरात्री मावळतो. पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हा तो उगवतो. पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर. त्यामुळेच संकष्टीला कधी साडेआठ, कधी पावणेदहा अशी वाट बघावी लागते, आणि नागपूर मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे तिथले लोक आपल्या वीस-पंचवीस मिनिटं आधी जेवायला बसतात. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. गोकुळाष्टमीला रात्री बाराला पाळणा हलतो तेव्हा पूर्वेला अर्धा चंद्र नुकता वर येत असतो. पावसाळी ढगांमुळे तो दिसत नाही, पण असतो.

शुद्ध-वद्याचं हे ज्ञान हाती घेऊन इतिहास वाचून बघा. १२ जुलै १६६०, शके १५८२, आषाढ पौर्णिमा. शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले ती रात्र अंधारी नव्हती. आभाळ मोकळं असतं तर वेढ्यातल्या पहारेकऱ्यांना पालख्या लांबून दिसल्या असत्या. पावसानं किती मोठं झाकण घातलं होतं ते तिथीमुळे कळतं. आता सिंहगड: माघ वद्य नवमी, शके १५९१, ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, म्हणजे पूर्वरात्र संपूर्ण काळोखाची. कडा चढायला आणि न दिसता जवळ यायला याहून सोयीची रात्र नाही. आणि पानिपत, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, १४ जानेवारी १७६१. त्या संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर होता. जीव वाचवून पळणाऱ्यांच्या वाट्याला पहिल्या काही तासांचा अंधारही आला नाही. इंग्रजी तारीख यातलं काहीही सांगत नाही. तिथीत त्या रात्रीचा उजेड नोंदलेला असतो.

मात्र जुन्या नोंदी वाचताना एक पथ्य पाळावं लागतं. आपला महिना अमावस्येला संपतो, त्याला अमान्त म्हणतात. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र, तेलंगण सगळीकडे हेच. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, तो पूर्णिमान्त. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच असतं, फरक पडतो तो फक्त वद्य पक्षाच्या महिन्यात. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य, त्यांची भाद्रपद कृष्ण. आपला पितृपंधरवडा भाद्रपदातला, त्यांचा आश्विनातला. आपली महाशिवरात्र माघातली, त्यांची फाल्गुनातली. दिवस मात्र तोच. माझी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली. पहिल्या वर्षी शेजारणीनं श्रावणाचे सोमवार पंधरा दिवस आधीच सुरू केलेले बघून ती हादरली आणि तिनं आजीला पत्र लिहिलं, "माझे दोन सोमवार चुकले." चुकले नव्हते. शेजारणीचा श्रावण कृष्ण पक्षानं सुरू झाला होता आणि आत्याच्या हिशोबानं तो अजून आषाढच होता.

पूर्णिमान्त पद्धतीत एक गोष्ट मात्र मला आजही विचारात पाडते. त्यांचा चैत्र होळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, पण नवं वर्ष आपल्यासारखंच चैत्र शुक्ल प्रतिपदेला लागतं. म्हणजे चैत्राचा पहिला अर्धा भाग जुन्या वर्षात आणि दुसरा नव्या वर्षात. गुढी उभी राहते त्या दिवशी आपल्याकडे महिना, पक्ष आणि वर्ष तिन्ही एकदम सुरू होतात. ही मांडणी मला जास्त नेटकी वाटते, मराठी असल्यामुळे वाटत असेल तर असो.

देवळातला नातू आठवतोय ना? आजीची एक प्रदक्षिणा होईपर्यंत, म्हणजे वर्षभरात, तो तिला बारा वेळा गाठतो आणि वर आणखी थोडं अंतर उरतं. ते उरलेलं म्हणजे वर्षाचे साधारण ११ दिवस. दोन वर्षं आणि आठ-नऊ महिन्यांत ते साठून एक अख्खा महिना होतो. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक मास. २०२३ ला अधिक श्रावण आला, २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. हा महिना घातला नसता तर दिवाळी फिरत फिरत ऐन पावसात आली असती.

तिथीचा रोजचा आणि खरा उपयोग करणारे लोक मी पाहिले ते कोकण किनाऱ्यावर. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की, म्हणजे अवसेपुनवेला, दोघांची ओढ एकत्र होते आणि समुद्राला उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, ओढ एकमेकांना छेद देते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. ती भांगाची भरती. आणि भरतीची वेळ काढायला मुंबईच्या किनाऱ्यावर एक तोंडी हिशोब चालतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पक्ष कोणताही असो. दिवसातून दोन भरत्या, त्यामुळे पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन, थोड्या मिनिटांच्या फरकानं. चंद्राला रोज पन्नास मिनिटं उशीर होतो, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. तोंडी हिशोबाला एवढं पुरतं.

भाचीला मी हा हिशोब दिला आणि नारळी पौर्णिमेचं उत्तर काढायला सांगितलं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, मग सहा तासांनी ओहोटी पूर्ण. म्हणजे साडेपाच-सहाला पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि परत वळायला लागतं. "म्हणजे कोळी लोक संध्याकाळी नारळ सोडतात तेव्हा समुद्र येत असतो की जात असतो?" तिनं विचारलं. येत असतो.